पाहुण्यांचं शेवटचं अपील

७ जानेवारी

क्रिकेट बोर्डाच्या सेक्रेटरींचा ऑफिसात फोन आला. लाइन इतकी खराब की तेच वाक्य त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घ्यावं लागलं. शेवटी ते ओरडलेच, तेव्हा समोरच्या टेबलावरच्या कारकुनालाही बातमी कळली. पाहुण्यांच्या दौऱ्यातल्या दोन्ही कसोट्यांना पंच म्हणून मी आणि मास्तर.

असा दौरा माझ्या हयातीत पुन्हा होईलसं वाटत नाही, म्हणून लिहून ठेवायचं. युद्धानंतर दोन्ही देशांचं बोलणंच बंद होतं, खेळणं तर दूरच. त्यांचा संघ शेवटचा आला तेव्हा मी उन्हात कठड्याला टेकून बघितला होता. आता पांढरा कोट घालून आत उभा राहणार. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून दुकानदारांच्या शिव्या खाण्यात जन्म गेला, पण तराजू कुणाचाही असो, काटा मधे, हे माझं भांडवल शाबूत आहे. त्या भांडवलावरच ही नेमणूक झाली.

घरी बायकोला सांगितलं. ही काहीतरी पुटपुटली. हल्ली हिला तोंडातल्या तोंडात बोलायची सवय लागली आहे. काय म्हणालीस विचारलं तर म्हणे, आनंद झाला म्हटलं. चेहऱ्यावर तसं काही दिसलं नाही.

१० जानेवारी

संध्याकाळी मास्तर आला. तो शाळेत भूमिती शिकवतो आणि त्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आहे. सध्या जगात स्पष्ट बोलणारा तो एकटाच उरला आहे असं मला वाटतं. आम्ही इतकी वर्षं जोडीने उभे राहतो, पण आज पहिल्यांदाच तो कचरलेला दिसला. म्हणाला, मैदान खच्चून भरणार, त्या गलक्यात बॅटची कड लागल्याचा आवाज येईल न येईल. तेव्हा आपण एक खूण ठरवू. मी स्क्वेअर लेगला असताना यष्टीमागच्या झेलाचं अपील झालं आणि मला आवाज आला असला, तर मी हात छातीशी नेईन. नसला आला तर हात पाठीमागे. निर्णय अर्थात तुझा.

मास्तरची पाचावर धारण बसली आहे हे उघड दिसत होतं. एवढ्या मोठ्या सामन्यात आपलाही काही उपयोग आहे असं त्याला वाटायला हवं, म्हणून मी हो म्हटलं. ही त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली आणि दोघं बराच वेळ बोलत उभी होती. मास्तरच्या बायकोची तब्येत विचारत असेल.

१४ जानेवारी

ही लेकीकडे गेली. जाताना कुकरमध्ये बटाटे लावून गेली आणि तीन शिट्ट्यांनी गॅस बंद करा म्हणाली. मी शेजारच्याच खोलीत पेपर वाचत होतो. एकही शिट्टी झाली नाही आणि बटाट्यांचा कोळसा झाला. तडक कुकर घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने पाणी घालून माझ्यासमोर चालवून दाखवला आणि म्हणाला, ठणठणीत आहे की. मी म्हटलं, ही शिट्टी? ही नुसती वाफ आहे. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा कुकरकडे, आणि नवी शिट्टी काढून मुकाट्याने हातावर ठेवली. फुकट देत होता. मी कुणाचं फुकट घेत नाही, पैसे ठेवून आलो.

नवी शिट्टीही तसलीच निघाली. हल्ली मालच असा येतो.

२२ जानेवारी

पाहुणे आले. मैदानाच्या फाटकावर लोकांची ही गर्दी, शत्रू कसे दिसतात ते बघायला. आपल्यासारखेच दिसतात म्हटल्यावर थोडी निराशाच झाली.

सेक्रेटरींनी दोन्ही पंचांची त्यांच्या कप्तानाशी ओळख करून दिली. बुटका, सावळा, डोळे सतत कशाचा तरी अंदाज घेणारे. त्यांची भाषा आणि आमची सख्ख्या बहिणी, बोलणं समजायला हरकत नव्हती. पण हा इतका हळू बोलतो की याच्या खेळाडूंना याच्या सूचना कळतात तरी कशा, कोण जाणे. मला काहीतरी म्हणाला. मी नुसता हसलो, तेवढ्यात मास्तरने मधे पडून खेळपट्टीबद्दल उत्तर देऊन टाकलं. विचारलं मला आणि उत्तर देतो हा. परत येताना त्याला सुनावलं. तो उलट बोलला नाही, हेही त्याच्या स्वभावात बसत नाही.

२ फेब्रुवारी

पहिली कसोटी संपली. आपण जिंकलो, पण घाम फुटला. दोन्ही संघांनी पंचगिरीचं कौतुक केलं, पेपरातही आलं. हिने कात्रण कापून ठेवलं.

एक गोष्ट इथेच लिहितो, बाहेर बोलणार नाही. पाहुण्यांच्या कप्तानाला मी पहिल्या डावात यष्टीमागे झेलबाद दिलं. खरं सांगायचं तर मला आवाज आला नव्हता. चेंडू किंचित हलल्यासारखा दिसला, स्क्वेअर लेगला मास्तरचा हात छातीशी गेला आणि मी बोट वर केलं. कप्तान माझ्याकडे न बघता निघून गेला. अन्याय झालेला माणूस थबकतो, बॅटकडे बघतो, मान हलवतो. हा सरळ गेला, म्हणजे निर्णय बरोबर होता. पण अपील झालं की आधी मास्तरकडे नजर जाते, ही सवय चांगली नाही. दुसऱ्या कसोटीत मोडायची.

लोक फार ओरडतात. सगळा दिवस कानात नुसती गाज भरून राहते.

८ फेब्रुवारी

लेक आली होती. सहज बोलल्यासारखं करून म्हणाली, "बाबा, या वयात सगळं एकदा तपासून घ्यावं. डोळे, साखर, कान."

मी म्हटलं, माझे डोळे घारीचे आहेत आणि साखर मी खात नाही. कानांबद्दल काही बोललो नाही, कारण तिने ते सगळ्यात शेवटी आणि दुसरीकडे बघत म्हटलं होतं. ही आमच्याकडे पाठ करून भांडी घासत होती आणि तेच एक पातेलं कितीतरी वेळ घासत होती. दौरा संपेपर्यंत मला कुठल्याही डॉक्टरकडे न्यायचं नाही, असं दोघींना बजावलं.

१६ फेब्रुवारी

दुसऱ्या कसोटीचा चौथा दिवस. पाहुण्यांना ही जिंकून मालिका बरोबरीत आणायची आहे, आणि ते आणतील अशीच लक्षणं आहेत. उद्या आपल्याला दिवसभर तग धरायचा आहे, निम्मे गडी तर आजच गेले.

चहापानानंतर फटका सरळ मास्तरच्या घोट्यावर बसला. हाड गेलं. स्ट्रेचरवरून नेताना त्याने माझं मनगट धरलं आणि म्हणाला, "उद्या आजारी पड. ऐकतोयस ना? सरळ आजारी पड."

वेदनेने बरळत होता बिचारा. त्याच्या जागी राखीव पंच आला. पोरगेलासा आहे, बूट चकचकीत, आणि हालचाल पुतळ्याइतकी.

घरी आलो तर हिचंही तेच. पोट बिघडलंय म्हणून कळवा, उद्या जाऊ नका. मला संताप आला. अख्ख्या देशाचे डोळे लागलेत आणि मी पोटाचं कारण सांगून घरी बसू? असं काय आक्रित घडणार आहे उद्या, असं विचारलं. ही भिंतीकडे तोंड करून बसली. नंतर दिवा लावायलाही उठली नाही, मीच लावला.

१७ फेब्रुवारी

सामना अनिर्णित. मालिका आपली.

क्रमाने लिहितो. शेवटची जोडी खेळत होती, आपला कप्तान आणि अकरावा गडी. खेळ संपायला थोडाच अवकाश होता. त्यांचा वेगवान गोलंदाज माझ्या टोकाकडून धावत आला, चेंडू ऑफ स्टंपच्या बाहेर पडला, कप्तानाने बॅट पुढे केली आणि चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात गेला. अकराच्या अकरा जणांनी हात वर केले. स्लिपमधले तर एकमेकांच्या गळ्यातच पडले.

आणि मैदान चिडीचूप झालं. इतके दिवस मी या शांततेची वाट बघत होतो. आता काही असतं तर मला ऐकू आलंच असतं, असं मनात आलं. काहीच आलं नव्हतं. सवयीने स्क्वेअर लेगकडे बघितलं, तर राखीव पंच स्वतःच्या बुटांकडे बघत होता. संशयाचा फायदा फलंदाजाला, हा नियम मी कधी मोडलेला नाही. नाबाद दिला.

पाहुण्यांचा कप्तान चालत माझ्यापर्यंत आला. काहीतरी बोलला. मी म्हटलं, खेळ चालू ठेवा. तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. रागावला असता तर मला समजलं असतं. तो रागावला नव्हता, एखाद्या दुकानातून माल न घेता बाहेर पडावं तसा वळून गेला. ते काही मनातून जात नाही.

खेळ संपल्यावर लोकांनी मला खांद्यावर घेतलं. फलंदाजाला घेतात, पंचाला घेतलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. खाली उतरवा म्हणून ओरडलो, पण कोण ऐकतो.

१८ फेब्रुवारी

आजचा दिवस कुणाच्या वाट्याला येऊ नये.

सकाळी बाजारातून चाललो होतो. कोपऱ्यावरच्या धान्यवाल्याने दुकानातून उतरून मला मिठी मारली. हा तोच, ज्याच्या तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं शिसं मी पकडलं होतं. सगळ्या बाजारादेखत म्हणाला, "साहेब, आज कळलं, तुम्ही पण आपल्यातलेच. वेळ आली की काटा आपल्या बाजूला झुकवायचाच."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. झेल नव्हताच, असं त्याला सांगितलं. त्याने डोळा मारला. आजूबाजूचे हसले, फार प्रेमाने हसले.

दुपारी बोर्डाच्या कचेरीत सत्कार होता. आपला कप्तान वाकून नमस्कार करायला आला आणि जवळ येऊन म्हणाला, "सर, तुमचे उपकार कसे फेडू? एवढी जाड कड लागली होती, मी तर निघायला पाऊल उचललं होतं. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज गेला असेल."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. मग त्या शांततेचा अर्थ लागला. लोकांनी आवाज ऐकला होता, म्हणून ते गप्प झाले होते. राखीव पंचाने ऐकला होता, म्हणून तो बुटांकडे बघत होता. तेवढ्या मैदानात एकट्या मलाच तो आला नव्हता.

हार काढून टेबलावर ठेवला आणि तिथून मास्तरकडे गेलो. तो पाय उंच करून पडला होता. त्याने मला बसायलाही सांगितलं नाही, लगेच बोलायला लागला, जणू तयारीतच होता. दोन वर्षांपासून त्याला माहीत आहे. घरी हिला त्याच्याही आधीपासून. छातीवरच्या हाताची खूण दोघांनी आधीच मिळून ठरवली होती, त्या संध्याकाळी तो आत येण्यापूर्वी, आमच्याच फाटकाशी उभं राहून.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी कोट उतरवला असतास. हा दौरा तुला मिळावा असं वाटलं मला. चुकलं माझं."

मी उठून आलो. इतका एकटा मी आजवर कधी चाललो नव्हतो.

१९ फेब्रुवारी

हिच्याशी भांडण. बोललो मीच, ही ऐकत होती. मी म्हटलं, सगळ्यांनी मिळून मला लहान मूल केलंत, वेळच्या वेळी तोंड पुसून बाहेर पाठवत होतात. मग ही मोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलली. म्हणजे इतके दिवस तिला असं बोलता येत होतं. म्हणाली, "तुम्हाला त्या कोटाशिवाय दुसरं काय आहे? तो गेला असता तर तुमचं मी काय केलं असतं?"

मी उठून चपला घातल्या.

तिच्याबरोबर कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी डोक्याला यंत्र लावून तपासलं. खालचे सूर येतात, वरचे गेले आहेत, आणि ते परत यायचे नाहीत. शिट्टी, बेल, बायकांचे आवाज आणि बॅटची कड हे सगळे वरच्या सुरातले. पुरुषांचे जाड आवाज येतात, म्हणून आपल्याला ऐकू येतं असं मला वाटत राहिलं. घरी येईपर्यंत हिने माझा हात सोडला नाही आणि मीही सोडवून घेतला नाही.

२० फेब्रुवारी

सेक्रेटरींना भेटून सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं. म्हणाले, तुम्ही थकला आहात, विश्रांती घ्या. हे बाहेर गेलं तर दोन्ही कसोट्यांचा प्रत्येक निर्णय लोक उकरून काढतील, बोर्डाने बहिरा पंच उभा केला म्हणून जगात हसं होईल. उलट आज घराघरांत तुमचं नाव आहे. तेव्हा निवृत्त व्हा, आम्ही मोठा समारंभ करतो.

त्यांचं म्हणणं खोटं नाही. गप्प बसलो तर कुणाचंच काही बिघडत नाही. इकडे मी देशभक्त, तिकडे मी लबाड, आणि दोन्हीकडचे लोक खूश. फक्त मी दोन्हीही नाही.

२१ फेब्रुवारी

सकाळी पाहुण्यांच्या हॉटेलात गेलो. पोलिसांनी ओळखलं, सलाम ठोकून आत सोडलं. कप्तान खालच्या दालनात बॅगांच्या ढिगाशी उभा होता. मी सरळ सांगून टाकलं. परवाचा झेल खरा होता. मी फसवलेलं नाही. मला ऐकू येत नाही आणि तेव्हा ते मला माहीत नव्हतं.

वजन आपोआप झिजलं असं दुकानदार सांगतो, तेव्हा मी त्याच्याकडे जसा बघतो तसा तो माझ्याकडे बघत होता. मग बॅगेचा पट्टा आवळायला वाकला आणि वाकल्या वाकल्या काहीतरी बोलला.

"वर बघून बोला," मी म्हटलं. "तोंड दिसलं तर थोडंफार कळतं."

तो सरळ झाला. त्याचा चेहरा बदलला. काही नाही, जाऊ द्या, असं म्हणाला. मी म्हटलं, जे बोललात तेच बोला. तेव्हा त्याने मोठ्याने, काउंटरवरची माणसं वळून बघतील इतक्या मोठ्याने सांगितलं, "मी विचारलं, बोर्डाने किती दिले?"

"पंचाचा भत्ता," मी म्हटलं. "तोही अजून यायचाय."

तो हसला. मग खुर्ची ओढून त्याने मला बसवलं आणि माझ्यासमोर, तोंड नीट दिसेल असा बसला. पहिल्या कसोटीत त्याला दिलेल्या झेलाचं विचारलं. मी म्हटलं, तोही मला ऐकू आला नव्हता, माझ्या जोडीदाराने ऐकला होता. तो म्हणाला, "कड लागली होती. त्याने बरोबर ऐकलं." नंतर म्हणाला, "पण घरी जाऊन मी काय सांगू? तिथे सगळ्यांना लबाडच हवाय."

मी म्हटलं, काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. तुम्हाला कळावं एवढ्यासाठी आलो होतो. निघताना त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला.

२३ फेब्रुवारी

विमानतळावर पाहुण्यांच्या कप्तानाला वार्ताहरांनी गाठलं. तो म्हणाला, पंच स्वतः मला भेटले आणि आपली चूक झाली असं त्यांनी सांगितलं, मी एवढी वर्षं खेळतोय पण असं मला कुणी सांगितलं नव्हतं. कानांचा उल्लेख त्याने केला नाही. माझी लाज राखावी म्हणून असणार. माणूस चांगला आहे, पण घोटाळा करून गेला.

दुपारपर्यंत बातमी सगळीकडे झाली. मी शत्रूच्या हॉटेलात जाऊन माफी मागितली, असं तिचं रूप झालं होतं. धान्यवाल्याने मला येताना बघून दुकानाची फळी ओढून घेतली. सेक्रेटरींनी समारंभ रद्द झाल्याचं कळवलं.

संध्याकाळी मास्तर कुबड्या घेऊन जिने चढून आला. मी त्याला पाय ठेवायला स्टूल दिलं. तेवढ्यात खाली रस्त्यावर घोळका जमला. वर बघून मुठी हलवत होते. तोंडं हलताना दिसत होती, मला नुसती गाज येत होती.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"काही नाही. घोषणा."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्याने मान खाली घातली, मग वर केली. "सगळं सांगू?"

"सगळं."

आणि मास्तरने वर्गात प्रमेय सांगतात तशा खणखणीत आवाजात सांगायला सुरुवात केली. फितूर. विकला गेलेला थेरडा. पाहुण्यांचा जावई. घराला काळं फासा. माझ्या आईवरून एक होती, तीही त्याने गाळली नाही. ही आतून धावत आली आणि म्हणाली, मास्तर, जरा हळू, शेजाऱ्यांना वाटेल तुम्हीच देताय. तो थांबला नाही. एक मागे राहिली होती, ती आठवून सांगितली. मला किती बरं वाटलं ते लिहिता येणार नाही.

"बहिरा म्हणालं का कुणी?" मी विचारलं.

"नाही."

एवढ्या शिव्यांत खरी ती एकच, आणि ती कुणाला माहीत नव्हती. मी खिडकी उघडली. ही मागून सदरा ओढत होती. मी वाकून, होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडलो, "मला ऐकू येत नाही. मी बहिरा आहे. म्हणून चुकलो."

खाली तोंडं हलतच होती. मी मास्तरला विचारलं, ऐकलं का त्यांनी?

मास्तर म्हणाला, "नाही. ते ओरडतायत."

मग मी पुन्हा सांगितलं.